कुलूप लावा असं कुठेही लिहिलेलं नाही

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

एवढं लिहिलं आणि थांबले. रागावलेल्या माणसाला तीर्थस्वरूप म्हटलं की त्याला वाटतं, हिला काहीतरी मागायचं आहे. मागायचं आहेच. हे पत्र न फाडता शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि वहिनीच्या फोनवर केला की मागून तुझा आवाज ऐकू येतो, "नाहीये म्हणून सांग." सात महिने तू घरात बसून आहेस आणि सात महिने मला तू घरात सापडत नाहीस.

आधी कामाचं सांगते. तुझ्या अपिलाची तारीख लागली, २२ फेब्रुवारी, सकाळी अकरा. नोटीस टपालाने येईलच, पण आमच्या खात्याचं टपाल कसं चालतं ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी कळवते. तुझी केस म्हणून मला त्या फाइलच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. तारीख मी चार लोकांसारखी फलकावर वाचली. त्या दिवशी तू गेला नाहीस, किंवा गेलास आणि मागच्यासारखा मुखस्तंभ होऊन बसलास, तर कप्तानाचा परवाना कायमचा रद्द होईल. पुढे दाद मागायला जागा नाही. सव्वीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस पन्नाशीत दुसरं काय करणार, धक्क्यावर तिकिटं फाडणार?

चौकशीचा अहवाल आज परत वाचला. पाठ व्हायला आलाय. बोट खाडीच्या तोंडाशी पाण्याखालच्या जुन्या खांबावर घासली, तळ फाटला, वीस मिनिटांत कलंडली. प्रवासी एकसष्ट. लाइफ जॅकेटं ऐंशी, तीन पेट्यांत. तिन्ही पेट्यांना कुलपं, किल्ल्या तुझ्या कमरेला. दोन पेट्या तू उघडल्यास. तिसरीचं कुलूप खाऱ्या हवेने गंजून बसलं होतं. ते तोडेपर्यंत उशीर झाला. तीन माणसं गेली. आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ, "पेट्या कुलूपबंद ठेवणे ही कप्तानाची हलगर्जी होय."

हलगर्जी म्हणे. रोज सकाळी बोटीवरचा दोर न दोर स्वतः ओढून बघणारा माणूस तू. लहानपणी मी सायकल भिंतीला टेकवून ठेवली तरी ती नीट टेकलीय का ते बघायला परत जायचास. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला तुझ्याबरोबर आठ दिवस बोटीवर ठेवायला हवं होतं.

पण राग मला तुझाही आहे. चौकशीत तुला सरळ विचारलं, "कुलपं लावायला कोणी सांगितलं?" तुझं उत्तर कागदावर आहे, "आठवत नाही." दादा, खाडीच्या कुठल्या वळणावर ओहोटीला किती पाणी असतं ते तुला आठवतं. मला चौथीत गणितात किती मार्क पडले होते तेही तुला आठवतं, माझ्या लग्नात तू ते सगळ्यांना सांगितलंस. आणि हेच नेमकं आठवत नाही? मालकाने सांगितलं असेल, निरीक्षकाने सांगितलं असेल, कोणीही असेल. नाव घे आणि मोकळा हो.

मी माझ्या बाजूने हात धुऊन मागे लागले आहे. पेट्यांना कुलूप असताच कामा नये, असा नियम करण्याचं टिपण वर पाठवलंय. अपिलाच्या आधी तो निघाला तर तुझ्या बाजूने निदान एवढं तरी म्हणता येईल, की चूक एका माणसाची नव्हती, रीतच चुकीची होती.

तुझी,
नियमावली
(नाव तूच ठेवलेलं. हल्ली या नावाने कोणी हाक मारत नाही.)

९ फेब्रुवारी

दादा,

उत्तराची वाट बघत नव्हतेच, त्यामुळे आलं नाही याचं वाईट वाटून घेत नाही. हे वाक्य खोटं आहे, पण राहू दे.

टिपणाचं काय झालं ते ऐक. आमच्या चौथ्या मजल्यावर एक लांबच लांब खोली आहे. मधे पार्टिशन, अलीकडे आम्ही तिघं सल्लागार, पलीकडे साहेब. भिंतीवर सागरी सुरक्षेचं मोठं पोस्टर आहे. ते लावलंय कारण मागे भिंतीला ओल आलीय. सल्लागार म्हणजे काय, असं तू एकदा विचारलं होतंस. ज्याला सगळे विचारतात आणि ज्याचं कोणी ऐकत नाही तो सल्लागार. पगार मात्र वेळेवर होतो.

टिपण पाच दिवस साहेबांच्या टेबलावर पालथं पडलं होतं. पालथं म्हणजे वाचलं असावं. काल आत बोलावलं.

"कुलूप नको, मान्य. पण जॅकेटं चोरीला गेली तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, "जाऊ देत की, साहेब. एखाददुसरं जाईल. बुडताना हाताला लागावीत म्हणूनच ठेवतो ना आपण ती?"

"असं फाइलवर लिहिता येत नाही, बाई. आणि मुळात हे लोक कुलपं लावतात तरी कशाला? हौस आहे?"

मग मी सांगितलं. नियम चौदा. दर जॅकेटवर नंबर. निरीक्षक धक्क्यावर कधीही येऊन मोजणार. एक जरी कमी भरलं, तरी ते भरून काढेपर्यंत बोट जागची हलवायची नाही. आता प्रवासी काय करतात? उशाला घेतात, पोराला बसायला देतात, गार वारा असला की अंगात घालून तसेच घरी जातात. संध्याकाळी एक जॅकेट कमी, की दुसऱ्या दिवशी बोट धक्क्याला आणि माणसं काठावर बोंबलत उभी. म्हणून कप्तान कुलूप घालतात. एका बोटीवर नाही, मी यादी मागवली, एकोणपन्नासपैकी शेहेचाळीस बोटींवर कुलपं आहेत. आणि मोजणीला पेटी उघडून दाखवली, ऐंशीच्या ऐंशी भरली, की आमचा निरीक्षक "उत्तम" असा शेरा मारून जातो. कुलूप त्याला दिसतच नाही.

साहेब हसले. "काय डोकं आहे. हा नियम चौदा लिहिला तरी कोणी?"

मी म्हणाले, "जुना आहे, साहेब."

खोटं काही बोलले नाही. जुना आहेच तो.

शेवटी त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या वाक्यात एक शब्द घुसवला. 'पेट्यांस शक्यतो कुलूप लावू नये.' शक्यतो! मी म्हटलं, "शक्यतो म्हणजे काय? बोट शक्यतो बुडू नये, माणसाने शक्यतो तरंगावं, असं?" ते म्हणाले, "छान बोलता तुम्ही," आणि सही केली. आता ते टिपण कायदा शाखेकडे, तिथून परत इकडे. सरकारी काम अन् सहा महिने थांब. अपिलाला तेरा दिवस उरलेत.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. तुझ्यासारखा कोणी समोर असता तर चार शिव्या घालून हलकी झाले असते. पार्टिशनपलीकडे ऐकू जातं म्हणून आम्ही इथे शिव्याही शक्यतो देत नाही.

नियमावली

१६ फेब्रुवारी

दादा,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. नियम चौदा माझा आहे.

सही मंत्र्यांची आहे, छापील अंकावर माझं नाव कुठेही नाही. पण मसुदा माझ्या हातचा, अकरा वर्षांपूर्वीचा, कानामात्रेसकट. तुला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. माझी भाषा तू ओळखतोस. घरी मी सामानाची यादी केली तरी तू म्हणायचास, "हिला पोटकलमं कशाला?"

तेव्हाही कारण होतं, ते तरी ऐकून घे. मी खात्यात नवी होते. तपासणीच्या दिवशी निरीक्षकाबरोबर धक्क्यावर गेले. नऊ बोटी पाहिल्या, नऊही बोटींवर चाळीस-चाळीस जॅकेटं, चोख. पाचव्या बोटीवर एका जॅकेटच्या खांद्यावर हिरवा रंग सांडलेला दिसला. सातव्या बोटीवर तेच जॅकेट, तोच रंग. आठव्या बोटीवर ते परत आमच्या आधी हजर, अजून घामाने ओलं. आम्ही पुढच्या दाराने उतरायचो आणि जॅकेटं मागच्या बाजूने पुढच्या बोटीवर पळायची. सबंध धक्क्याला मिळून चाळीस जॅकेटं होती. मला हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. त्या आठवड्यात बसून मी नियम लिहिला. प्रत्येक जॅकेटला नंबर, बोटीचं नाव, मोजणी, एकाचीही सूट नाही. मला शाबासकी मिळाली. वर्षभरात सगळ्या बोटींवर पुरेशी जॅकेटं आली, हे तूही नाकारणार नाहीस. ती आली, मोजली गेली आणि पेटीत गेली. पुढे काय होतं ते बघायला मी पुन्हा धक्क्यावर गेले नाही. मला बोट लागते, हे तू सगळ्यांना हसून सांगायचास. सागरी सुरक्षेची सल्लागार, आणि पुलावरून गाडीने लांबचा वळसा घालून माहेरी येते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आणि अपघातानंतरचा तो चौथा दिवस. मी आले तेव्हा बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. आई कोपऱ्यात, वहिनी दारात. तू खुर्चीत, त्याच कपड्यांत, खाऱ्या पाण्याने पॅंटवर पांढरे डाग पडलेले. मालकाचा माणूस म्हणत होता की कुलपं सरकारी नियमानेच होती. आणि मी, ऑफिसची पिशवी अजून खांद्याला, दारातूनच म्हणाले, "कुलूप लावा असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही."

वाक्य बरोबर होतं. मी ते येताना गाडीत चारदा मनात म्हणून बघितलं होतं. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, उठलास आणि मागच्या दाराने गेलास. तेव्हापासून आजपर्यंत तुझं एक अक्षर माझ्या कानावर पडलेलं नाही, ते "नाहीये म्हणून सांग" सोडलं तर.

टिपण कायदा शाखेत आहे. तिथले गृहस्थ आठ दिवस रजेवर आहेत.

नियमावली

२० फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. पान संपलं, असं मी स्वतःला सांगितलं. पान संपलं नव्हतं.

नियम निघून दोन-तीन महिने झाले असतील. दुपारी तुझा फोन आला, धक्क्यावरून. मागे माणसांचा गलका. तू म्हणालास, "अगं, एक जॅकेट कमी भरलं म्हणून बोट धरून ठेवलीय. काल कुणीतरी म्हातारी अंगात घालून गेली, तिला आता कुठे शोधू? हे रोजचं होणार. काय करायचं ते सांग." मला मीटिंग होती. दारात शिपाई उभा होता. मी म्हणाले, "मग पेटीला कुलूप लाव ना, त्यात काय एवढं." आणि फोन ठेवला.

अर्ध्या मिनिटाचा फोन. तू कुलूप लावलंस. तुझ्या बोटीची मोजणी कधी चुकत नाही हे बघून शेजारच्याने लावलं, मग त्याच्या शेजारच्याने. मी मागवलेल्या यादीतल्या शेहेचाळीस बोटी. लिहिलेलं कुठेही नाही, बरोबर आहे. मी ते तोंडी सांगितलं होतं.

पहिल्या पत्रात तुला शहाणपणा शिकवत होते, नाव घे आणि मोकळा हो म्हणून. त्या वेळीही मला माहीत होतं नाव कोणाचं आहे. तू "आठवत नाही" म्हणालास ते माझ्यासाठी. सगळ्या जगासमोर हलगर्जी म्हणवून घेतलंस आणि धाकट्या बहिणीचं नाव ओठावर आणलं नाहीस. आणि मी दारात उभी राहून तुला नियम वाचून दाखवला. याचा विचार आला की ऑफिसात बसवत नाही. जिन्यात जाऊन उभी राहते. आई फोनवर विचारते, "तुमचं नक्की बिनसलंय कशावरून?" मी म्हणते, कामाचं काहीतरी.

परवा अपिलात मी साक्षीला येते आहे. जबाब लिहून दिलाय, त्याची प्रत सोबत जोडली आहे. नियम माझा, फोन माझा, सल्ला माझा. साहेबांना आज सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "बाई, तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या फोनची नोंद कुठे असते?" मी म्हटलं, "माझ्याकडे आहे." म्हणाले, "नोकरीचं बघा जरा." बघितलंय.

तू मधेच उठून "असं काही झालं नव्हतं" म्हणशील, मी तुला ओळखते. तसं करू नकोस. मला वाचवायचं खूप झालं आता.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

दादा,

निकालाची प्रत तुला मिळाली असेल. परवाना रद्द न करता एक वर्ष स्थगित. त्यातले आठ महिने सरलेच. जुलैत तू बोटीवर जाऊ शकतोस. माझ्यावर विभागीय चौकशी बसलीय आणि तोपर्यंत नोंदणी शाखेत बदली. तिथे बोटींची नावं वहीत उतरवायची, सल्ला द्यायचा नाही. फर्मानच आहे तसं. पेट्यांचा नवा नियमही निघाला. माझा जबाब वर्तमानपत्रात आल्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने 'शक्यतो' खोडलं. मोजणीचं कलम मात्र तसंच ठेवलं. म्हणजे आता पेट्या उघड्या राहतील आणि जॅकेटं मालकाच्या गोदामात, निरीक्षक धक्क्यावर आला की काढायला. हे मी चार पानं भरून लिहून दिलं. नोंदणी शाखेचा हा विषय नाही, असा शेरा येऊन परत आलं. चिडून चिडून माझं डोकं आता दुखायचंही थांबलंय.

पण हे पत्र त्यासाठी नाही. सुनावणीनंतर व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपापाशी, तू माझ्याशी बोललास. त्याला तीन आठवडे झाले, आणि मला ते अजून पचत नाही. तू विचारलंस, "हे सगळं कशाला सांगत बसलीस?" मी म्हटलं, "तू माझ्यासाठी गप्प बसलास म्हणून."

तू माझ्याकडे असं बघितलंस, मी परक्या भाषेत बोलल्यासारखं. म्हणालास, "तो फोन मला खरंच आठवत नव्हता गं. त्या दिवसांत दहा जणांना दहा फोन केले असतील. तुझं शेवटचं पत्र अजून पोचलेलं नाही, आत तू वाचून दाखवलंस तेव्हा कळलं."

मी विचारलं, "मग बोलत का नव्हतास माझ्याशी?"

"चौथ्या दिवशी तू दारात आलीस, तेव्हा मला वाटलं, बहीण आली. आलं होतं खातं." तू ग्लास पालथा घातलास. "आणि कुलूप कोणी का सांगितलेलं असेना. किल्ली माझ्या कमरेला होती. रोज हात लागायचा त्या कुलपाला, तेल घालायला पाहिजे हे रोज दिसत होतं. परवाना राहतो की जातो, ते तुझं तू बघ. मला ते सांगू नकोस."

आणि तू जिना उतरून गेलास. वहिनी मागून धावली.

दादा, सात महिने मी मनात एक भाऊ जपून ठेवला होता. तो माझं नाव पोटात घालून बसला होता, माझ्यासाठी सोसत होता. त्याची मला लाज वाटायची आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. तो माणूस नव्हताच. तू तिकडे एकटा त्या तीन माणसांबरोबर बसला होतास, आणि मी तुझ्या गप्प बसण्यातही स्वतःलाच शोधत होते. बसस्टॉपवर मला रडू फुटलं. रांगेतल्या एका बाईने सरकून बसायला जागा दिली, विचारलं काही नाही.

काल वहिनीशी बोलले. तू मागे नव्हतास. तिनेच सांगितलं की दर रविवारी तू त्या तीन घरी जातोस. पहिल्या घरी आत बोलावतात, चहा देतात, कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या घरचे म्हातारे तुला रागावतात, खूप बोलतात, आणि पुढच्या रविवारी या म्हणतात. तिसऱ्या घरी, जिथल्या लेकीने तिसऱ्या पेटीपाशी बसून तू कुलूप तोडेपर्यंत वाट बघितली, तिथलं दार उघडत नाही. तू तासभर उभा राहतोस आणि परत येतोस. पंचवीस रविवार झाले, वहिनी म्हणाली.

येत्या रविवारी मी येते. पुलावरून नाही, सकाळच्या बोटीने. ओळखपत्र घरी ठेवीन. तू नको म्हणशील म्हणून विचारत नाही, कळवते. दार उघडलं तर तू बोल. नियम, कलम, फोन, मसुदा, यातलं मी एक अक्षर काढणार नाही. आणि नाही उघडलं, तर तुझ्या शेजारी उभी राहीन, तू निघ म्हणेपर्यंत.

धाकटी